धातूच्या पोटातील कण आणि संगणकाची नजर

विमानाच्या इंजिनापासून घरातील तांब्याच्या घागरीपर्यंत प्रत्येक धातूची ताकद त्याच्या आतील सूक्ष्म कणांच्या मांडणीवर अवलंबून असते. ही मांडणी घडताना आणि बदलताना डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवण्याचे काम गेली चार दशके संगणक करीत आहे. या तंत्राच्या सामर्थ्याचा आणि त्याच्या मर्यादांचा हा परिचय.

३० सप्टेंबर २०१७ रोजी एअर फ्रान्सचे ए-३८० जातीचे दुमजली विमान पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघाले होते. ग्रीनलंडवरून जात असताना त्याच्या उजवीकडील बाहेरच्या इंजिनाचा पुढचा पंखा एकाएकी फुटला आणि निखळून खाली बर्फात पडला. विमानात प्रवासी व कर्मचारी मिळून ५२१ जण होते. उरलेल्या तीन इंजिनांच्या बळावर वैमानिकांनी विमान कॅनडातील गूज बे येथे सुखरूप उतरविले, म्हणून मोठी दुर्घटना टळली. परंतु पंखा का फुटला, हे कळण्यासाठी त्याचा मध्यभाग हाती येणे आवश्यक होते. पंख्याची पाती ज्यात बसविलेली असतात, त्या टायटॅनियमच्या भागाला बैलगाडीच्या भाषेत तुंबा म्हणता येईल. या तुंब्याचा निर्णायक तुकडा तब्बल पावणेदोन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, ग्रीनलंडच्या बर्फाखालून शोधून काढण्यात आला.

फ्रान्सच्या विमान अपघात अन्वेषण संस्थेने २०२० मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. तडा पृष्ठभागावर नव्हे, तर धातूच्या आत सुरू झाला होता. ज्या जागी तो सुरू झाला तेथे पोकळी नव्हती, परका पदार्थ नव्हता, मिश्रधातूच्या घटकांतही काही खोट नव्हती. दोष होता तो धातूच्या कणांच्या मांडणीत. उत्पादनाच्या वेळी उपलब्ध असलेल्या कोणत्याही विनाविध्वंस तपासणीत तो दिसण्यासारखा नव्हता.

हे कण म्हणजे काय, ते बदलतात कसे आणि धातू न कापता त्यांचा अंदाज बांधता येतो का, हे प्रश्न त्यामुळे केवळ प्रयोगशाळेपुरते उरत नाहीत.

रवाळ तूप आणि जस्ताची फुले

साजूक तूप कढवून मंद गतीने निवू दिले की ते छान रवाळ होते. तेच घाईने फ्रिजमध्ये थिजविले तर रवा धरत नाही. धातूचेही काहीसे असेच आहे. वितळलेला धातू थंड होऊ लागला की त्यात ठिकठिकाणी स्फटिकांची बीजे तयार होतात. प्रत्येक बीजाभोवती अणू शिस्तीने रचले जातात आणि स्फटिक चहूबाजूंनी वाढू लागतो. शेजारचा स्फटिक आडवा आला की वाढ थांबते. अशा रीतीने संपूर्ण धातू लहान-लहान स्फटिकांनी भरून जातो. यांपैकी प्रत्येक स्फटिक म्हणजे एक कण. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तबद्धच असतात, मात्र त्या रांगांची दिशा कणागणिक वेगळी असते. दोन कण जेथे भेटतात त्या सीमेवर ही शिस्त मोडते. तिला कणसीमा म्हणतात.

हे कण पाहण्यासाठी दर वेळी सूक्ष्मदर्शकच हवा असे नाही. जुन्या पद्धतीच्या जस्तलेपित बादलीवर किंवा पत्र्यावर फुलांसारखी जी चकाकती नक्षी दिसते, तिच्यातील प्रत्येक फूल म्हणजे जस्ताचा एकेक कण असतो. सामान्य पोलादातील कण मात्र फारच लहान, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे असतात. कणाचा आकार वीस मायक्रॉन धरला, तर एका घन सेंटिमीटरात असे सुमारे साडेबारा कोटी कण मावतात.

लहान कण, मोठी ताकद

धातू वाकतो तेव्हा त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून एकाच वेळी सरकत नाहीत. मोठे जाजम सरकवायचे असेल तर ते सगळे ओढण्यापेक्षा त्याला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेणे सोपे जाते. स्फटिकात अशाच सुरकुतीसारखे दोष असतात आणि ते सरकले की धातूचा आकार बदलतो. कणसीमा त्यांच्या वाटेत कुंपणासारखी उभी राहते, कारण पलीकडच्या कणात अणूंच्या रांगांची दिशा निराळी असते. कण जितके लहान तितकी कुंपणे अधिक आणि धातू तितका बळकट. ब्रिटनमधील ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये या संबंधाला गणिती रूप दिले. त्यानुसार कणाचा व्यास एक चतुर्थांश केला, तर कणसीमांमुळे मिळणारे बळ दुप्पट होते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर हे सूत्र न शिकताही त्याच्याशी रोज व्यवहार करीत आले आहेत. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके घालीत गेले की तो कडक होतो. आणखी ठोकला तर चिरतो, म्हणून तो भट्टीत तापवून मऊ केला जातो आणि पुन्हा ठोकला जातो. ठोक्यांमुळे कणांच्या आत सुरकुत्यांची दाटी होते. तापविल्यावर त्या दाटीतून नवे, निर्दोष कण जन्म घेतात आणि जुन्या कणांना गिळून टाकतात. याला पुनर्स्फटिकीभवन म्हणतात. भांडे पुरे झाल्यावर त्यावर जे माठारकाम करतात, त्याने नक्षी उमटते आणि पत्राही कडक होतो.

परंतु तापविणे लांबले तर दुसरी क्रिया सुरू होते. कणसीमा ही विस्कळित अणूंची जागा असल्याने तिच्यात अधिक ऊर्जा असते आणि निसर्गाचा कल ही ऊर्जा कमी करण्याकडे असतो. त्यामुळे मोठे कण लहान कणांना खाऊन आणखी मोठे होतात, सीमांची एकूण लांबी घटते आणि धातू दुबळा होतो. म्हणूनच किती तापवायचे आणि केव्हा थांबायचे, हा धातुकामातील कळीचा प्रश्न ठरतो.

प्रत्येक ठिकाणी लहान कणच हवेत, असेही नाही. जेट इंजिनाच्या सर्वांत तप्त भागात कणसीमाच दुबळ्या ठरतात, कारण दीर्घकाळच्या उष्णतेत व ताणात धातू तेथूनच हळूहळू सरकू लागतो. त्यामुळे तेथील पाती अखंड एकाच स्फटिकाची ओततात. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी प्रवासी विमानांत अशी पाती आली. त्यांच्या साच्याच्या तळाशी एक पीळदार अरुंद वाट असते. खालून अनेक कण वाढू लागतात, पण या वाटेतून वर पोहोचतो तो एकच.

टायटॅनियमच्या तुंब्यात काय घडले?

एअर फ्रान्सच्या त्या इंजिनातील मिश्रधातूचे कण लहानच होते, पण एका भागात शेजारशेजारच्या असंख्य कणांतील अणूंच्या रांगा जवळपास एकाच दिशेला वळलेल्या होत्या. रांगांची दिशा सारखी असेल तर कणसीमेचे कुंपण नावापुरतेच उरते. सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे दिसणारे हे कण ताणाखाली मात्र एका मोठ्या कणासारखे वागतात. प्रत्येक उड्डाणात ताण चढतो, काही काळ टिकतो आणि उतरतो. ताण टिकून राहण्याच्या त्या अवधीत अशा भागात इजा साचत जाते, तडा पडतो आणि अडथळ्याविना पुढे सरकतो. टायटॅनियमच्या काही मिश्रधातूंत हा धोका १९७० च्या दशकापासून ठाऊक होता. तथापि या तुंब्यासाठी वापरलेल्या आणि विमान उद्योगात सर्वत्र रूढ असलेल्या मिश्रधातूत तो सेवेत असताना असे रूप घेईल, अशी अपेक्षा नव्हती. ही घातक जवळीक निर्माण झाली ती ओतकाम व घडाईच्या काळात, म्हणजे पंखा विमानाला बसण्याच्या कितीतरी आधी.

कापले की कथा थांबते

धातूच्या अंतरंगात प्रथम डोकावले ते इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी. १८६३-६४ च्या सुमारास त्यांनी पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्लाची क्रिया केली आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कणसीमा आम्लाने अधिक झिजतात, त्यामुळे कणांचे जाळे स्पष्ट दिसू लागले. हीच पद्धत आजही कारखान्यांच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. तिची उणीव एवढीच, की तुकडा कापला की त्या तुकड्याची कथा तेथेच थांबते. एका क्षणाचे, एका प्रतलाचे चित्र मिळते. त्याआधी कोणता कण कोठे होता आणि पुढे कोणता टिकला असता, हे चित्र सांगत नाही.

यावर एक सुंदर उपाय सुचला तो साबणाच्या फेसातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेले धातुशास्त्रज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांच्या लक्षात आले, की दोन काचांमध्ये धरलेला फेस धातूच्या कणांसारखाच वागतो. तेथेही मोठे बुडबुडे वाढतात आणि लहान नाहीसे होतात. त्यांच्या प्रबंधावर भाष्य करताना थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ मध्ये एक अजब नियम सांगितला. अशा सपाट फेसातील बुडबुडा वाढणार की आटणार, हे त्याच्या आकारमानावर नव्हे, तर केवळ त्याच्या बाजूंच्या संख्येवर ठरते. सहा बाजूंचा बुडबुडा आहे तसा राहतो, सहाहून अधिक बाजू असतील तर वाढतो आणि कमी असतील तर आटतो. विल्यम मलिन्स यांनी १९५६ मध्ये हाच नियम धातूच्या सपाट कणरचनेला लागू पडतो, हे दाखवून दिले.

खरा धातू मात्र सपाट नसतो. तीन मितींसाठी असाच अचूक नियम सापडायला २००७ साल उजाडले. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत फॉन नॉयमन होते, त्याच संस्थेतील गणितज्ञ रॉबर्ट मॅकफर्सन आणि पदार्थवैज्ञानिक डेव्हिड स्रोलोव्हिट्झ यांनी तो सिद्ध केला. हा नियम एका कणाविषयी, त्या क्षणी त्याची स्थिती ठाऊक असेल तर बोलतो. लक्षावधी कणांचा मेळा पुढे कोणते रूप घेईल, हे मात्र पायरीपायरीने मोजतच जावे लागते. तेथे संगणकाला पर्याय नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीचा खेळ

अमेरिकेतील एक्झॉन कंपनीच्या संशोधन विभागातील अँडरसन, स्रोलोव्हिट्झ, ग्रेस्ट आणि साहनी या चौघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेने या क्षेत्राची पायाभरणी केली. त्यांची पद्धत समजण्यासाठी ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. समजा, दोनशे ओळींत प्रत्येकी दोनशे, म्हणजे एकूण ४० हजार ठिपके मांडले आहेत. प्रत्येक ठिपक्याला एक रंग दिला आहे. रंग म्हणजे त्या जागी अणूंच्या रांगांची दिशा. एकाच रंगाचे लागून असलेले ठिपके मिळून एक कण होतो आणि दोन रंग जेथे भेटतात ती कणसीमा.

आता खेळ सुरू होतो. संगणक यदृच्छेने एक ठिपका निवडतो आणि त्याचा रंग बदलून पाहतो. बदलामुळे भिन्नरंगी शेजाऱ्यांची संख्या घटली किंवा तेवढीच राहिली, तर बदल मान्य होतो. ती वाढत असेल, तर तापमानाच्या प्रमाणात क्वचितच तो मान्य केला जातो, एरवी फेटाळला जातो. असे ४० हजार प्रयत्न झाले की खेळाची एक फेरी पुरी होते. यदृच्छेवर आधारलेल्या या गणनेला जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात, तर रंगांच्या या मांडणीला ऑस्ट्रेलियन गणितज्ञ रेनफ्री पॉट्स यांचे नाव मिळाले आहे.

यातील विशेष असा, की वाढ, आटणे, सहा बाजू यांपैकी काहीही संगणकाला सांगितलेले नसते. भिन्नरंगी शेजार टाळावा, एवढा एकच नियम दिलेला असतो. तरीही शेकडो फेऱ्यांनंतर पडद्यावर जे चित्र उमटते, ते सॉर्बी यांच्या पद्धतीने काढलेल्या छायाचित्राशी विलक्षण मिळतेजुळते असते. लहान कण विरून जातात, मोठे पसरतात आणि सीमा सरळ होत जातात. शिवाय येथे काळ मागे नेता येतो. आज टिकलेला कण दहा फेऱ्यांपूर्वी कोठे होता, हे पाहता येते.

याच लेखमालेत चौघांनी आणखी एक प्रश्न हाताळला. काही ठिपके कायमचे गोठवून ठेवले तर काय होते? कणसीमा त्यांना अडखळतात आणि काही काळाने कणांची वाढच थांबते. धातूतील अतिसूक्ष्म परके कण सीमांना खिळवून ठेवतात, हा क्लॅरेन्स झेनर यांचा १९४८ पासून परिचित असलेला विचार. संगणकाने तो पडद्यावर आणला आणि झेनर यांचे सूत्र कोठे अपुरे पडते, हेही दाखविले. पुलांसाठी आणि मोटारींसाठी लागणाऱ्या बळकट पोलादात एक दशांश टक्क्याहूनही कमी नायोबियम घालतात, ते याच तत्त्वावर. त्याचे सूक्ष्म कण तप्त पोलादात कणसीमांना रोखून धरतात.

पुढील काळात निरनिराळ्या पद्धती विकसित झाल्या. 'फेज फील्ड' या पद्धतीत ठिपके नसतात. कणसीमा ही अरुंद पण सलग बदलत जाणारी पट्टी मानून तिची समीकरणे सोडविली जातात. ती अधिक अचूक, पण गणनेच्या दृष्टीने खर्चिक असते. धातू गोठताना त्यात वृक्षाच्या फांद्यांसारखे जे स्फटिक वाढतात, त्यांचे असे प्रतिरूप टोकियो तंत्रज्ञान संस्थेच्या त्सुबामे २.० या महासंगणकावर साकारणाऱ्या संशोधकांना २०११ मध्ये गॉर्डन बेल पुरस्काराने गौरविण्यात आले.

कारखान्यापर्यंतचा प्रवास

नवा मिश्रधातू शोधून तो विमानात किंवा मोटारीत बसेपर्यंत दहा-वीस वर्षे सहज जातात, कारण प्रत्येक बदलासाठी ओतायचे, घडवायचे, तापवायचे, कापायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ही साखळी संगणकावर जोडता आली, तर प्रत्यक्ष चाचण्या मोजक्याच कराव्या लागतील, हा विचार अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००८ च्या अहवालात मांडला. २०११ मध्ये तेथील सरकारने त्यासाठी 'मटेरियल्स जीनोम' हा राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला.

महाराष्ट्रही या प्रवासापासून दूर नाही. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधील संशोधकांनी 'प्रीमॅप' ही संगणकीय प्रणाली विकसित केली. पोलादाच्या ओतकामापासून रोलिंग, उष्णतोपचार आणि अखेर गिअरसारख्या तयार भागापर्यंतच्या पायऱ्या एकमेकींशी जोडणे, हा तिचा हेतू. आयआयटी मुंबईत फेज फील्ड पद्धतीचे अध्यापन व संशोधन चालते. तेथेच प्रा. बी. रवी यांच्या मार्गदर्शनाखाली ओतकामाच्या सिम्युलेशनचे 'ऑटोकास्ट' हे सॉफ्टवेअर तयार झाले. साच्यातील धातू कोठे आधी गोठेल आणि कोठे पोकळी राहील, हे ते ओतण्यापूर्वीच दाखविते.

संगणक चुकतो कोठे?

पडद्यावरील चित्र खऱ्यासारखे दिसते, म्हणून ते खरे मानण्याचा मोह होतो. तो टाळण्याची कारणे या शास्त्राच्या इतिहासातच आहेत. कणांचा सरासरी व्यास काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढावा, म्हणजे घातांक ०.५ असावा, असे सिद्धान्त सांगतो. १९८४ च्या गणनेत तो ०.४१ भरला. अधिक मोठ्या जाळ्यांवर, अधिक काळ गणना केल्यावर तो ०.५ च्या जवळ आला. म्हणजे उणीव निसर्गात नव्हती, गणनेच्या आवाक्यात होती. तसेच ठिपके चौकोनी जाळ्यात मांडून केवळ लगतचे शेजारी मोजले, तर कणसीमा जाळ्याच्या ओळींना चिकटून बसतात आणि खेळ उगाच थांबतो. शिवाय खेळातील एक फेरी म्हणजे भट्टीतील किती मिनिटे, हे खेळ स्वतः सांगत नाही. ते प्रयोगशाळेतील मोजमापांशी ताडूनच ठरवावे लागते.

त्याहून मूलगामी प्रश्न २०२१ मध्ये पुढे आला. कणसीमा जितकी वक्र, तितकी ती वेगाने सरकते, हे गृहीतक मलिन्स यांच्या काळापासून बहुतेक सर्व गणनांच्या मुळाशी होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ग्रेगरी रोरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शक्तिशाली क्ष-किरणांच्या साहाय्याने निकेलचा तुकडा न कापता, तापविण्यापूर्वी आणि तापविल्यानंतर, आतील कणांचा त्रिमितीय नकाशा तयार केला. हजारो कणसीमांचा वेग आणि वक्रता ताडून पाहता दोहोंत संबंधच आढळला नाही. 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या विषयात मोठी चर्चा सुरू झाली. दोन कणांच्या दिशांतील फरक आणि सीमेचा स्वतःचा कल धरून एका कणसीमेचे वर्णन करण्यास पाच राशी लागतात. या पाच राशींनुसार सीमेची ऊर्जा बदलते आणि सरकण्याची सुलभताही बदलते. सर्व सीमा सारख्या मानणारा साधा खेळ सरासरी चित्र चांगले दाखवितो, परंतु एखाद्या विशिष्ट कणाचे भवितव्य सांगताना अडखळतो.

अपघात मात्र सरासरीमुळे होत नाहीत. कोट्यवधी कणांतून एखाद्याच जागी जमलेल्या विपरीत मांडणीमुळे ते होतात. त्यामुळे संशोधनाचा रोख आता एका नेमक्या चित्राकडून संभाव्यतेकडे वळत आहे. घडाईच्या अमुक पद्धतीत, अमुक तापमानाला, तुंब्याच्या कोणत्या भागात समदिश कणांचा समूह उरण्याची शक्यता किती, हा प्रश्न संगणकाला विचारला जातो. मिळालेल्या उत्तराची क्ष-किरणांनी तपासणी होते, नियम सुधारले जातात आणि गणना पुन्हा केली जाते. तपासनीसाने कोठे अधिक बारकाईने पाहावे आणि कोणता भाग किती उड्डाणांनंतर बदलावा, हे निर्णय अशा गणनेच्या आधारे अधिक डोळसपणे घेता येतात. सॉर्बी यांनी धातूची सद्यःस्थिती दाखविली. संगणक त्याचा भूतकाळ आणि संभाव्य भविष्य दाखवितो. मात्र त्याने दाखविलेले भविष्य प्रत्येक वेळी खऱ्या तुकड्याशी पडताळून पाहण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.